जीपचा खांदा

"तेरा एके तेरा... तेरा दुणे सव्वीस..."

विहिरीच्या काठावरचा तो आवाज इतक्या वर्षांनीही मगनच्या कानातून गेला नव्हता. अक्काचा, थोरल्या बहिणीचा आवाज. रहाट कुरकुरायचा, दोर भिजून काळा व्हायचा आणि पोहऱ्याच्या हिसक्यागणिक अक्का पाढ्याची एकेक पायरी पाण्यातून वर ओढायची. पुढची शाळा नदीपल्याड होती. पोरीच्या जातीनं तिथवर जायचं कसं, म्हणून तिची पाटी माळ्यावर गेली. पाटी गेली तरी पाढे कुठे जातात? ते तिच्या हातात उतरले, घागरीत उतरले, शेणाच्या गवऱ्या थापताना भिंतीवर उतरले. बादली धरून उभा असलेला लहानगा मगन ऐकत राहायचा. पुढे अक्का जामनेरकडे दिली. तिकडच्या विहिरीला ती काय म्हणून दाखवत होती, ते तिचं तिला ठाऊक.

त्या आवाजापायी आपण जीप घेतली असं मगननं सांगितलं असतं, तर निमखेडं पोट धरून हसलं असतं. म्हणून त्यानं गावाला सांगितलं, धंदा करायचा. प्रवासी वाहायचे. कमलबाईला, त्याच्या बायकोला, तेवढं खरं माहीत होतं, कारण जीप येण्याआधीच त्यानं तिला विचारलं होतं, "आपली वैजू आणि गावातल्या अजून काही पोरी, बाकड्यावर दाटीवाटीनं किती बसतील?"

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर जळगावच्या एजन्सीतून जीप आली. कोरी करकरीत, डिझेलवर चालणारी, नव्या मॉडेलची. चाकाखाली लिंबू फुटलं, नारळ फुटला, बायकांनी ओवाळलं. मगनचे वडील वनाआबा तिच्याभोवती असे फिरले, जसा बाजारात गडी खोंडाभोवती फिरतो. बॉनेटवर थाप मारली, चाकाशी वाकून पाहिलं.

"दोनदाती शे का चौदाती?" त्यांनी विचारलं.

फाट्यावर गॅरेज चालवणारा मुख्तार शेजारी उभा होता. मगनचा लहानपणापासूनचा जोडीदार. तो म्हणाला, "आबा, दूधना दात शेतस आजून. जपी हाका."

जून लागला तसा महादेवाच्या ओट्यावर पोरींच्या बापांचा दरबार भरला. देवपूरच्या कॉलेजात पोरी पाठवायच्या तर कशा? संध्याकाळची एस.टी. मनात आलं तर यायची. बाकीच्या काळ्यापिवळ्या जीपांत मागे माणसं लोंबायची. भिकननं पान थुंकून निकाल दिला, "मगन सोता हाकी आन दिवा लागाना पहिले पोर घर उनी पाहिजे. ज्या दिनले हाई चुकनं, त्या दिनले कॉलेज बंद." लोटननं मान हलवली. मुख्तारनं आपल्या साबेराचं नाव सगळ्यात आधी घातलं.

मग रोज सकाळी जीप भरायची. वैजू पुढे बापाशेजारी, साबेरा तिला खेटून, मागे भिकनची सिंधू, लोटनची पोरगी आणि बाकीच्या. ओढणीची टोकं वाऱ्यावर, पुस्तकं मांडीवर. पांझरेचा पूल आला की पोरी आखाजीच्या झोक्यावरच्या चालीत आपलंच काहीतरी जुळवून म्हणायच्या:

"जीप चालनी चालनी, धूय उडे आभायले,
आम्ही जातस कॉलेजले, सांगजो मना मामाले!"

मगनला वाटायचं, गाडी डिझेलवर चालतच नाही.

आणि आषाढात तिसरा गियर निसटायला लागला.

आधी एक बारीक कण्हणं यायचं. जड ओझ्याखाली माणूस कण्हतो तसं, पायाखालून. मग दांड्याला हिसका बसायचा आणि दांडा आपसूक मागे येऊन पडायचा. इंजिन गरगरायचं, गाडी मात्र वाऱ्यावर सोडल्यासारखी. चढावर असं झालं की मागच्या पोरींचं गाणं गळ्यातच थिजायचं. मगन ओरडायचा, "वैजू, धर!" वैजू दोन्ही हातांनी दांडा दाबून धरायची. तिचे हात भरून आले की साबेरा धरायची. पोरी भूमितीची प्रमेयं पाठ करत गियर धरू लागल्या. कॉलेजातून येताना आज एकीच्या तळहाताला फोड, उद्या दुसरीच्या.

मुख्तारनं जीपखाली सरकून कान लावला. बाहेर येऊन म्हणाला, "मगनभाऊ, गियरबॉक्समजार काही तरी पहिलेपासूनच चुकेल शे. खोलू का?"

"हात लावू नको. वॉरंटी शे."

"वॉरंटी म्हंजे नवी नवरीना घुंगट शे का भाऊ? मी उचला का बाटनी?"

"तसंच समज. बाहेरच्या माणसानं खोललं की कंपनी हात झटकते. पुस्तकात लिहिलंय."

मुख्तारनं हात पुसले. "मंग घुंगट घेईसन बस. मी नही खोलत." आणि त्यानं खरंच पान्याचं टोकसुद्धा लावलं नाही.

मगन जळगावला गेला. एकदा गेला, मग जातच राहिला. पोरींना सुट्टी असेल त्या दिवशी पहाटे निघायचं. कमलबाई शेजारी बसून गियर धरायची. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तिचा हात खांद्यापासून बधिर व्हायचा. एजन्सीच्या दारात पोचल्यावर गाडी कंपाउंडमध्ये उभी राहायची आणि नंबर येईस्तोवर गार व्हायची. मग तिथला ड्रायव्हर तिला चौकापर्यंत फिरवून आणायचा. जीप अशी गुणी चालायची, जशी सासरचे पाहायला आले की खोडकर पोर पदर घेऊन बसते.

"ओके आहे," ड्रायव्हर म्हणायचा.

"गरम झाली की निसटतो साहेब, गार असताना नाही," मगन म्हणायचा.

सर्व्हिसचे साहेब होते पितांबर वाणी. बोलायला गोड. "मगनराव, नवी गाडी आहे. नवी सून घरात रुळायला वेळ घेतेच की नाही? रुळेल."

"रुळायच्या आधी पोरींचे हात सोलले साहेब."

"तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता. बऱ्याच जणांना ती सवय असते."

पुढच्या खेपेला ऑइल बदललं. त्यापुढच्या खेपेला कुठलीशी तार आवळली. "खोलायचं तर वरून परवानगी यावी लागते. पुण्याला कळवलंय. तक्रार नोंदली आहे तुमची, काळजी करू नका." मगन परत फिरायचा आणि एरंडोलच्या अलीकडेच ते कण्हणं पायाखालून पुन्हा सुरू व्हायचं. कमलबाई दुसऱ्या हातानं पदर सारखा करायची आणि दांडा धरायची.

अशाच एका दिवशी आबा मागे बसले होते. धुळ्याला डोळे दाखवायला नेलं होतं त्यांना. परतीच्या चढाला जीप कण्हायला लागली तसे आबा पुढे झुकले.

"मगन, हाई कन्हस रे."

"हो आबा."

"हिना खांदा सुजेल शे. जू घासायनं का असंच कन्हतस."

मगन दिवसभराच्या तापानं पिकलेला. "आबा, गाडीले खांदा नसतो."

"मंग इतलं वजन कसावर वढस ती?"

"गियरवर!" मगननं वैतागून दांड्यावर थाप मारली. "ह्याच्यावर वढस. झालं समाधान?"

आबा मागे टेकले. मगनही ते बोलणं विसरला.

पोळा आला. त्या वर्षी त्यांच्या गोठ्यात बैल नव्हता. जोडीतला उरलेला एक उन्हाळ्यात गेला, शेत गावातल्या सुपडूला बटाईनं दिलं, आणि आबांचे हात रिकामे झाले. गावभर घुंगरांचे आवाज, शिंगांना रंग, झुली. आबा आपल्या ओट्यावर बसून दुसऱ्यांचे बैल मोजल्यासारखे पाहत होते. सकाळी मगन जीप पुसायला गेला, तर गियरच्या मुठीवर हळदीची बोटं उमटलेली, खालच्या रबरावर पिवळे ओघळ. आबांनी पूजा केली असेल, असं समजून त्यानं ते फडक्यानं पुसून टाकलं.

आणि त्यानंतरच्याच आठवड्यात, देवपूरहून येताना, कापसाच्या रानामधल्या उताराला जीपच्या पोटात काहीतरी कडाडलं. दांडा ना पुढे जाई, ना मागे येई. वैजू आणि साबेरानं मिळून ओढला. मगन खाली उतरला, पुन्हा बसला, पुन्हा उतरला. रस्त्यानं एकही गाडी थांबायला तयार नव्हती. सूर्य कापसाच्या झाडांच्या बुंध्याशी येऊन टेकला, तेव्हा त्यानं पोरींना सांगितलं, "चला, पायी."

पोरी गावात शिरल्या तेव्हा घरोघर दिवे लागलेले होते. बाप वेशीवर उभे होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. भिकननं फक्त सिंधूच्या हातातली पुस्तकं स्वतःच्या हातात घेतली. मगनला त्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली असती.

जीप ट्रकमागे बांधून जळगावला गेली. चाकं फिरत होती, गाडी चालत नव्हती. मयतीला नेतात तशी गेली.

आता खरा फेरा सुरू झाला. "परवानगी आली की खोलू." "खोललं, पण पुण्याचे साहेब पाहिल्याशिवाय पुढे नाही." "साहेब नाशिकला आलेत, पुढच्या आठवड्यात इकडे." एस.टी.नं जायचं, एस.टी.नं यायचं. मुख्तारनं जुन्या बाजारात, मालेगावात, ओळखीच्या सगळ्यांना विचारून पाहिलं. नव्या मॉडेलचा एकही भाग कुठे मिळेना. जे काही मिळायचं ते कंपनीकडूनच मिळायचं. पितांबरसाहेब सांगत, "क्लेम मंजूर झाला तर साहेब डेपोतून आख्खा गियरबॉक्स लगेच सोडवतील. नाहीतर रांग. आणि रांग कधी सरेल, मी तर सांगू शकत नाही."

गावात पोरी घरी बसल्या. लोटनची पोरगी कापूस वेचायला जाऊ लागली. सिंधूला पाहायला धरणगावहून पाहुणे येऊन गेले. साबेरा गॅरेजच्या मागे बसून वैजूच्या वहीतलं उतरवून घेई. पण वैजूच्या वहीत तरी आता नवं काय येणार होतं? परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस जवळ येत होते, हजेरी भरत नव्हती, आणि कॉलेजातून निरोप आला होता की दिवाळीनंतर नाव काढून टाकू.

लोटन पारावरून हाक मारून म्हणाला, "मगन, तुनी वॉरंटी येवाले पोरीस्ना लेकरं जीपमां बसतीन रे!"

लोक हसले. मगननंही हसून पाहिलं. तोंड वाकडं झालं तेवढंच. घरी आला तर वैजू चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. थापता थापता तिचे ओठ हलत होते. काहीतरी पाठ म्हणत होती ती, आवाज न करता. मगन उंबऱ्यातूनच मागे फिरला. गोठ्याच्या रिकाम्या गव्हाणीवर जाऊन बसला आणि जळगावच्या दिशेला तोंड करून त्यानं कंपनीला, एजन्सीला, स्वतःच्या नशिबाला अशा शिव्या दिल्या, की शेवटी शिव्याच संपल्या आणि नुसता श्वास उरला.

त्यानंतरच्या खेपेला पितांबरसाहेबांनी त्याला वर्कशॉपच्या आत नेलं. पत्र्याच्या ट्रेमध्ये गियरबॉक्सची आतडी काढून ठेवली होती. दात तुटलेली चाकं. त्यांच्यावर आणि तळाशी साचलेला पिवळा, दुधाळ, चिकट गाळ.

"हे काय आहे मगनराव?"

"मला काय माहीत साहेब?"

"पाणी आहे यात. आणि हे पिवळं ग्रीससारखं काहीतरी. हे आमचं नाही. कुणीतरी आत ओतलंय. आता मी क्लेम कसा पाठवू?"

मगन वाकला. जळक्या तेलाचा उग्र वास आला. आणि त्याच्या खालून, अगदी खालून, दुसरा वास वर आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचा. लहानपणी आबांच्या तळहातांना यायचा तो. गरम पाण्यानं बैलाचा खांदा शेकायचा, मग हळद कालवलेलं तूप चोळायचं, वर्षभर जू वाहून दुखावलेल्या मांसात बोटांनी जिरवायचं. खांदमळणी. मुठीवरची पिवळी बोटं त्याला दिसली. 'इतलं वजन कसावर वढस ती?' हा प्रश्न ऐकू आला, आणि त्याला त्यानं दिलेलं उत्तरही.

रबर उचलून, दांड्याच्या मुळाशी, आबांनी आधी गरम पाणी सोडलं असेल. हळूहळू. पोळू नये म्हणून आधी मनगटावर थेंब घेऊन पाहिला असेल.

"ओळखीचं वाटतंय का काही?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मगन म्हणाला.

"गावात मेकॅनिक आहे कुणी?"

मगनची मान हलली. "आहे. मुख्तार. पण त्यानं..."

"बस, बस." पितांबरसाहेबांनी त्याला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. "हे बघा, मालकानं ओतलं असेल तर विषयच संपला. पण मालकाच्या नकळत बाहेरच्या माणसानं केलं, असं त्या माणसानं लिहून दिलं, तर पुण्याचे साहेब शिफारस करू शकतात. तुमची तक्रार आधीपासून नोंदलेली आहे, तेवढी तुमची बाजू आहे. त्या मुख्तारला घेऊन या. साहेब गुरुवारी येणार आहेत."

एस.टी.त मगन खिडकीला डोकं टेकून बसला. सांगावं तर क्लेम गेला, आणि क्लेमबरोबर पोरींचं साल गेलं. सांगावं तर गाव आबांना हसून हसून मारील: वनाआबानी जीपले तूप पाजं! आणि आबांना कळलं तर? ज्याला बरं करायला गेलो, ते आपल्या हातानं मेलं, हे त्या म्हाताऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

आबा दारातच बसले होते. "कशी शे ती?" त्यांनी विचारलं. मग जरा थांबून, लाजल्यासारखं, "आते कन्हत नही ना?"

"नाही आबा," मगन म्हणाला. "आता नाही कण्हत."

"मी म्हंतू ना," आबा म्हणाले आणि समाधानानं भिंतीला टेकले.

फाट्यावर मुख्तार टायर ठोकत होता. मगननं उभ्याउभ्याच सांगितलं. "गुरुवारी तुले जळगावले बलाव्हं शे."

"माले? कसाले?"

"गियरबॉक्समधून पिवळं काहीतरी निघालं. त्यांना वाटतं, तू खोलून काहीतरी घातलं."

मुख्तारचा हातोडा थांबला. त्यानं मगनकडे पाहिलं. तोंडावर हसू होतं अजून. मस्करी असेल तर हसायला बरं म्हणून ठेवलेलं.

"आन तुले काय वाटस?"

मगन टायरकडे बघत राहिला. हसू मुख्तारच्या तोंडावरून उतरलं आणि त्यानं पुन्हा हातोडा उचलला. त्यानंतर त्यानं एवढंच विचारलं, "किती वाजानी मोटर?"

गुरुवारी आबाही निघाले. "जनावर परक्याना दारशी बांधेल शे," ते म्हणाले, "देखाले नको?" त्यांना थोपवायला मगनजवळ कारण नव्हतं. बसमध्ये आबा आणि मगन एका बाकावर, मुख्तार चार बाकं पुढे, पाठ करून. पारोळ्याला मुख्तारनं उतरून केळी आणली, आबांच्या हातात दिली. मगनकडे पाहिलं नाही.

पुण्याचे साहेब तरुण होते. प्रवासानं दमलेले, डोळे लाल. पण माणूस वाईट नव्हता. त्यानं आबांना पाहून खुर्ची मागवली. आबा खुर्चीत बसले नाहीत. ते सरळ आत जीपकडे गेले, धूळ भरलेल्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि पुटपुटत तिच्याशी बोलू लागले.

साहेबांनी कागद चाळले. "पाटील, तुमची तक्रार जुलैपासूनची आहे. मूळ दोष आमच्याकडचा असू शकतो. मी नाही म्हणत नाही. पण आत हे असं निघाल्यावर माझे हात बांधले जातात. वर विचारतील, हे कुणी केलं? त्याचं उत्तर मला हवं."

पितांबरसाहेबांनी लिहून ठेवलेला कागद पुढे सरकवला. "मुख्तारभाई, वाचून घ्या."

मुख्तारनं वाचला. सावकाश, बोट ठेवून. "मी सही करी तर गाडी कधी मियी?"

"साहेब शिफारस करतील. आठवड्यात गियरबॉक्स येईल."

"आन मना गॅरेजनं काय?"

"तुमच्यावर खटला वगैरे काही नाही. फक्त तुमचं नाव आम्हाला बाकी एजन्सींना कळवावं लागेल. आमच्या गाड्यांना तुम्ही हात लावायचा नाही."

म्हणजे पंचक्रोशीत बातमी पसरणार, की मुख्तार गाड्यांमध्ये भलतंसलतं ओततो. इथे बसलेल्या सगळ्यांना ते कळत होतं. मुख्तारनं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"साहेब," तो म्हणाला, "मी त्या गाडीनं झाकन बी उघाडं नही. ह्याले बठ्ठं माहीत शे." त्यानं मगनकडे बोट केलं, पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. "पन मनी साबेरा कॉलेजनी वही उशाखाले ठेईसन झोपस. माले रोज सकायले इचारस, अब्बा, जीप उनी का. मी काय सांगू तिले? वॉरंटी? गॅरेज काय, पंक्चर काढीसन बी पोट भरस." त्यानं हात पुढे केला. "आना पेन."

पितांबरसाहेबांनी पेनाचं टोपण काढून दिलं.

मगनला आता फक्त गप्प बसायचं होतं. दोन अक्षरं उमटतील, मग गियरबॉक्स येईल, पांझरेच्या पुलावर पोरी पुन्हा गातील, वैजू परीक्षेला बसेल. इतके दिवस जे मागत होता ते सगळं टेबलाच्या त्या बाजूला होतं, आणि त्याला हातसुद्धा हलवायचा नव्हता. त्यानं मुख्तारच्या बोटांकडे पाहिलं. नखांत ग्रीस गेलेली, पान्यानं जाड झालेली ती बोटं पेन धरून कागदावर टेकली होती. सहीची जागा कुठे आहे, ते शोधत होती.

आत आबांचं पुटपुटणं चालूच होतं. "उगी, उगी. आते बरं वाटी."

"मुख्तार, थांब," मगन म्हणाला. त्यानं मुख्तारच्या हाताखालून कागद ओढून घेतला. शाईची एक रेघ कागदाबाहेर टेबलावर गेली.

"मगनराव, काय करताय?" पितांबरसाहेब उठले.

"साहेब, ते ग्रीस नाही. तूप आहे. तूप आणि हळद, आणि आधी गरम पाणी."

आतून आबांचा आवाज थांबला होता. दारात त्यांची सावली येऊन उभी राहिली. मगनला ती दिसली; आपण पाहिलं तर पुढे बोलता येणार नाही, म्हणून त्यानं मान वळवली नाही.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलाचा खांदा मळतो साहेब. वर्षभर ओढून दुखतो, म्हणून. औंदा आमच्या गोठ्यात बैल नव्हता. ओढणारी ही एकटीच होती, आणि ती कण्हत होती. तुमच्या माणसांना ऐकू आलं नाही ते. माझ्या बापाला आलं. त्यांनी हिचा खांदा मळला. खांदा कुठे असतो ते त्यांना मीच दाखवलं होतं." त्यानं मुख्तारकडे पाहिलं. "आणि तुझं नाव हलत्या मानेनं मीच दिलं. ह्या ट्रेवर वाकलो, तेव्हाच मला वास आला होता रे. तेव्हापासून मला माहीत होतं."